वर्दी उतरवल्यानंतर: मुंबई आणि परिसरातल्या माजी सैनिकांचे नेहमीचे प्रश्न

सैन्यदलांतून दरवर्षी ६०,००० च्या आसपास जवान निवृत्त होतात. बहुतेकांचं वय पस्तीस ते पंचेचाळीस. मुलं शाळेत, आईवडील थकलेले, घराचा हप्ता चालू, आणि पुढे अजून वीस-पंचवीस वर्षं कमवायचं. त्यांच्यासाठी केंद्राच्या आणि राज्याच्या योजना पुष्कळ आहेत. अडतं ते एका ठिकाणी: एका कार्यालयाकडे असलेली माहिती दुसऱ्या कार्यालयाला कळत नाही. ती सैनिकाला स्वतः, झेरॉक्सचा गठ्ठा काखोटीला मारून, प्रत्येक खिडकीवर नव्याने सांगावी लागते. पहिलं वर्ष त्यातच जातं. ते वाचावं म्हणून ही उत्तरं.

तयारी कधीपासून सुरू करायची?

डिस्चार्जच्या एक वर्ष आधी. केंद्र सरकारच्या १९७९ च्या माजी सैनिक पुनर्नियुक्ती नियमांनुसार सेवेची मुदत संपायला एक वर्ष उरलं असताना नागरी नोकरीसाठी अर्ज करता येतो, तोही माजी सैनिकाच्या सगळ्या सवलतींसह. मुदत पुरी होईपर्यंत वर्दी सोडता येत नाही, एवढीच अट. भरतीची जाहिरात, परीक्षा आणि निकाल यांत वर्ष सहज निघून जातं, म्हणून हे वर्ष फार मोलाचं आहे.

पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे डीजीआर, याच काळात निवृत्तीपूर्व प्रशिक्षण देतं. जवान आणि जेसीओंना (नायब सुभेदार, सुभेदार यांसारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना) ते मोफत आहे. अधिकाऱ्यांना फीचा ४०% वाटा स्वतः भरावा लागतो, ६०% डीजीआर देतं. नाव युनिटमार्फत जातं. युनिट बाहेर तैनात असेल, हेडक्लार्क बदलला असेल, तर नाव राहून जातं, म्हणून परिपत्रकाची वाट न पाहता स्वतः विचारावं. अभ्यासक्रम निवडताना पुढे मुंबईत राहणार की गावी, हे आधी ठरवा. फॅसिलिटी मॅनेजमेंट किंवा अग्निसुरक्षेचं प्रशिक्षण मुंबई-ठाण्यात लगेच उपयोगी पडतं. साताऱ्याकडे परत जाणाऱ्याला त्याचा तेवढा फायदा नाही.

युनिट सोडताना हातात काय काय हवं?

डिस्चार्ज बुक (नौदलात सेवा प्रमाणपत्र), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), शैक्षणिक आणि ट्रेडची (सेनेतल्या कामाची) प्रमाणपत्रं, रिलीज मेडिकल बोर्डाची (सेवा सोडतानाच्या वैद्यकीय तपासणीची) प्रत, ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) अर्जाची पावती, गट विम्याचे कागद, आणि स्पर्श या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीचं युजरनेम. एवढं सगळ्यांना माहीत असतं. चुकतं ते पुढचं.

डिस्चार्ज बुक मिळालं की ते गेटबाहेर नेण्याआधी ओळ न् ओळ वाचा. पत्नी आणि मुलांची नावं, प्रत्येकाची जन्मतारीख, कायमचा पत्ता, डिस्चार्जचं कारण आणि चारित्र्याचा शेरा. युनिटमध्ये असताना चूक पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे सेवेची नोंद बदलणाऱ्या युनिटच्या आदेशाने, दुरुस्त होते. बाहेर आल्यावर त्याच चुकीसाठी प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार आणि शेवटी दुरुस्ती पीपीओ, असा महिनोन्महिने चालणारा प्रवास करावा लागतो. तुमचं रेकॉर्ड ऑफिस कुठे आहे ते लिहून ठेवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला. नौसैनिकांचं कामकाज मुंबईतच, मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये चालतं, त्यामुळे त्यांना निदान लोकलने जाता येतं.

पत्नीचं नाव प्रत्येक कागदावर वेगळं आहे. काय करावं?

मराठी घरांत हा सर्वांत मोठा घोळ. पार्ट टू मध्ये नुसतं ‘सुनीता’, आधारवर पतीचं नाव आणि आडनावासह पूर्ण नाव, बँकेत माहेरचं नाव, पॅनवर आणखी चौथं. लग्नानंतर आडनावच काय, कधी पहिलं नावही बदलण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि लष्करी नोंदीला ती समजत नाही. पती हयात असेपर्यंत हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही, आणि फॅमिली पेन्शनच्या वेळी सगळं तिथेच थांबतं.

पीपीओवरचं नाव प्रमाण मानून बाकी कागद त्याला जुळवणं सगळ्यांत सोपं. पीपीओवरचंच नाव चुकीचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र जोडून रेकॉर्ड ऑफिसकडे दुरुस्ती मागा. पहिलं नावच बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. राजपत्राच्या चार-पाच प्रती छापून घरी ठेवा. तिची जन्मतारीखही याच फेरीत जुळवून घ्या, कारण उतारवयात वाढीव पेन्शन वयावर मिळते आणि तेव्हा चुकीची तारीख महागात पडते.

मुंबईत राहतो, मग आमचं जिल्हा कार्यालय कोणतं?

महाराष्ट्रात राज्य सैनिक मंडळाचं काम पुण्याचा सैनिक कल्याण विभाग पाहतो आणि जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर ही दोन वेगळी कार्यालयं आहेत. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वाशी, ऐरोली हे सगळं ठाणे जिल्ह्यात. खारघर आणि पनवेल मात्र रायगडमध्ये, म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग. ‘नवी मुंबई’ हा पत्ता पाहून चुकीच्या रांगेत उभं राहणारे अनेक आहेत.

आधी गावच्या जिल्ह्यात नोंदणी केली असेल तर तिथून ना-हरकत घेऊन ती इकडे वर्ग करा. दोन्हीकडे नाव ठेवू नका. ओळखपत्र, मुलांची शिष्यवृत्ती, नोकरीची नोंदणी, कल्याण निधीतली मदत, सगळं याच नोंदणीवर चालतं.

पेन्शन सुरू झाली, पण मध्येच थांबली. का?

बहुतेक वेळा हयातीचा दाखला. स्पर्शमध्ये वर्षातून एकदा ओळख पटवावी लागते. ते ‘जीवन प्रमाण’ने मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. मात्र त्यात पेन्शन देणारी यंत्रणा निवडताना लोक सवयीने आपली बँक निवडतात. दाखला तयार होतो, क्रमांकही येतो, पण तो स्पर्शपर्यंत पोहोचतच नाही. यादीत संरक्षण विभाग आणि स्पर्श (पीसीडीए पेन्शन) हेच निवडायचं. नंतर स्पर्शमध्ये लॉगिन करून ओळख पटल्याची पुढची तारीख बदलली का, ते पाहायचं.

दुसरं कारण, मोबाइल नंबर. सेवेत असताना दिलेला नंबर बंद झाला की ओटीपी येत नाही आणि लॉगिनच होत नाही. पेन्शनचं खातं पत्नीसोबत संयुक्त असावं. तिचा नंबर पर्यायी म्हणून नोंदवून ठेवणंही बरं.

ईसीएचएस कसं चालतं, आणि ऐनवेळी कुठे फसतं?

माजी सैनिकांची ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून आहे. वर्गणी एकदाच भरायची: हवालदारापर्यंत ₹३०,०००, नायब सुभेदार ते मानद लेफ्टनंट ₹६७,०००, अधिकारी ₹१,२०,०००. निवृत्तीच्या वेळी ती परस्पर कापली जाते. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धविधवांना ती माफ आहे.

नेहमीचा मार्ग असा: आधी पॉलिक्लिनिक (ईसीएचएसचा दवाखाना), तिथला डॉक्टर तपासतो, तिथे उपचार होण्यासारखा नसेल तर रेफरल देतो. रेफरल मिळाला की लष्करी रुग्णालय (मुंबईत कुलाब्याचं आयएनएचएस अश्विनी) किंवा यादीवरचं खाजगी रुग्णालय. यादीवरच्या रुग्णालयात पैसे भरावे लागत नाहीत. पण रेफरलशिवाय थेट खाजगीत गेलात आणि तातडीचं काही नव्हतं, तर बिल तुमच्या गळ्यात.

तातडीची वेळ आली तर जवळचं कुठलंही रुग्णालय गाठा. विरारहून अश्विनीला जाण्याच्या नादात जीव धोक्यात घालू नका. यादीवर नसलेलं रुग्णालय असेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवणं बंधनकारक आहे. कळवल्याची वेळ लिहून ठेवा. बिल नंतर सरकारी दराने परत मिळतं, खाजगी दराने नव्हे, आणि मधला फरक स्वतः सोसावा लागतो. मुंबईच्या दरांत तो फरक मोठा असतो, म्हणून प्रकृती स्थिर होताच यादीवरच्या रुग्णालयात हलवण्याचं डॉक्टरांना विचारा.

अवलंबितांची माहिती दरवर्षी तपासा. मुलगा २५ वर्षांचा झाला, कमवू लागला किंवा त्याचं लग्न झालं की तो यादीतून जातो. मुलगी लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत राहते. दिव्यांग अपत्याला वयाची अट नाही. आईवडिलांसाठी मासिक उत्पन्नाची मर्यादा ₹९,००० अधिक महागाई भत्ता.

यादीवरचं रुग्णालय कधीकधी ‘बेड नाही’ म्हणून परत पाठवतं. यामागे बऱ्याचदा थकलेली बिलं असतात. हा दोष सैनिकाचा नाही, त्यामुळे गप्प बसू नका. नकार लेखी मागा आणि तो पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे द्या.

सरकारी नोकरीत नेमकं किती आरक्षण आहे?

केंद्राच्या गट क मध्ये १०%. सार्वजनिक उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँकांत गट क साठी १४.५% आणि गट ड साठी २४.५%, त्यात दिव्यांग माजी सैनिक आणि शहिदांच्या कुटुंबीयांचा ४.५% वाटा धरलेला आहे. महाराष्ट्र शासनात गट क आणि ड मध्ये १५%.

हे समांतर आरक्षण आहे, म्हणजे तुमच्या सामाजिक प्रवर्गाच्या आतच जागा मिळते. इतर मागास प्रवर्गातल्या माजी सैनिकाला डिस्चार्ज बुकसोबत जातीचा दाखला आणि चालू मुदतीचं नॉन-क्रिमीलेअर लागतंच. निवड होऊनही कागद तपासणीत बाद होणाऱ्यांत हे कारण सारखं दिसतं. दुसरं कारण अधिवास प्रमाणपत्राचं. वीस वर्षं पंजाब-आसामात काढलेल्या माणसाकडे मुंबईत राहिल्याचा पुरावा कुठून असणार? शाळा सोडल्याचा दाखला आणि वडिलांचे जुने कागद काढून तहसीलमधून तो आधीच करून घ्या.

वयाचा हिशेब सोपा आहे. आजच्या वयातून सेवेची वर्षं वजा करा. उरलेलं वय पदाच्या कमाल वयापेक्षा तीन वर्षांहून जास्त नसावं. वय ४०, सेवा १७ वर्षं, तर तुमचं वय २३ धरलं जाईल. पदाची मर्यादा २७ असेल तर ३० पर्यंत चालतं, म्हणजे तुम्ही बसता. वय जाहिरातीत दिलेल्या तारखेला मोजतात.

प्रत्येक वर्दीवाला माजी सैनिक ठरतो का?

नाही. पेन्शनवर, ठरलेली मुदत पूर्ण करून, वैद्यकीय कारणाने किंवा पदांच्या कपातीत बाहेर पडलेला ठरतो. पेन्शन लागू होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून सेवा सोडली तर तो दर्जा मिळत नाही. जवानांना पेन्शनसाठी १५ वर्षं लागतात, अधिकाऱ्यांना २०. चौदाव्या वर्षी कंटाळून अर्ज देणाऱ्याने हे दोनदा वाचावं.

मी दहावी पास, सेवा १६ वर्षं. पदवी मागणाऱ्या जागेला अर्ज करू शकतो का?

गट क च्या पदांना, हो. दहावी किंवा सेनेचं विशेष शिक्षण प्रमाणपत्र आणि किमान १५ वर्षं सेवा असेल तर पदवीधर समजलं जातं. जिथे तांत्रिक पात्रता अत्यावश्यक आहे तिथे ही सवलत नाही.

एक नोकरी घेतली की सवलत संपते का?

आरक्षणाचा लाभ घेऊन सरकारी नागरी सेवेत रुजू झालात की पुढच्या नोकरीसाठी तो आरक्षणाचा हक्क संपतो. केंद्रात एक वाट ठेवलेली आहे: रुजू होण्याआधी आणखी कुठे अर्ज केले असतील तर रुजू होताच त्या अर्जांची तारीखवार यादी स्वयंघोषणेसह कार्यालयाला द्या. मग त्या भरत्यांत हक्क टिकतो. ही यादी सहा महिन्यांनी दिली तर काही उपयोग नाही. खाजगी किंवा कंत्राटी काम केल्याने हक्क जात नाही.

पेन्शनवर परिणाम होतो का, हेही विचारलं जातं. अधिकारी पदाखालच्या जवानांची पूर्ण पेन्शन केंद्रात वेतननिश्चितीच्या वेळी धरली जात नाही, आणि पगार पदाच्या किमान टप्प्यावर ठरला असेल तर पेन्शनवरचा महागाई भत्ताही चालू राहतो.

सिक्युरिटीशिवाय काही आहे का?

आहे, पण आधी सिक्युरिटीबद्दल, कारण बहुतेक जण तिकडेच वळतात. खाजगी सुरक्षा एजन्सीचा कायदा २००५ चा. त्यातल्या आदर्श नियमांनुसार नवख्या माणसाला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर शिकावं लागतं, माजी सैनिकाला फक्त ४० आणि १६ तास. एजन्सीकडे परवाना आहे का, पीएफ भरते का, बारा तासांच्या ड्युटीला जादा मोबदला देते का, हे पाहूनच सही करा. बृहन्मुंबई आणि ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळ आहे, आणि राज्याचं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, सुरक्षेची कामं देतं. अनोळखी एजन्सीच्या आधी तिथे नाव द्या. बंदूकधारी गार्डच्या कामाला शस्त्र परवाना स्वतःच्या नावावर लागतो. एजन्सी ‘परवाना आम्ही पाहू’ म्हणत असेल तर तिथून निघा.

बाकी कामांत खरी अडचण ट्रेडच्या भाषेची असते. सेनेतला नर्सिंग असिस्टंट रणांगणावर जीव वाचवतो, पण त्या अनुभवावर जीएनएम नर्स म्हणून नोंदणी होत नाही. ईएमईतला (सेनेच्या यंत्रदुरुस्ती दलातला) इलेक्ट्रिशियन अख्खी वर्कशॉप चालवतो, पण बाहेर वायरमन परवाना मागतात. म्हणून सेवेत असतानाच ट्रेडचं नागरी समकक्ष प्रमाणपत्र घ्या. बायोडेटात ‘क्वार्टर मास्टर’ लिहून सोडू नका. ‘किती माणसांच्या रसदीचा, किती रकमेच्या साठ्याचा हिशेब सांभाळला, किती लेखापरीक्षणं पार केली’ असं लिहा. गोदाम आणि मालवाहतूक कंपन्यांना हेच हवं असतं, आणि भिवंडी-पनवेल पट्ट्यात त्यांची कमतरता नाही.

नौसैनिकांना मर्चंट नेव्हीचा रस्ता आहे. त्यासाठी सीडीसी (खलाशाची नोंदवही) आणि एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकांचे) मूलभूत अभ्यासक्रम लागतात. नियंत्रण करणारं नौवहन महासंचालनालय कांजूरमार्गला आहे. फी भरण्याआधी प्रशिक्षण संस्था मान्यताप्राप्त आहे का, ते त्यांच्या यादीवर पाहा.

स्वतःचा धंदा करायचा तर?

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक विशेष गटात येतात. स्वतःचा वाटा फक्त ५%, अनुदान शहरात २५% आणि ग्रामीण भागात ३५%. प्रकल्पाची मर्यादा उत्पादनाला ₹५० लाख, सेवेला ₹२० लाख. अनुदान हातात येत नाही, ते बँकेत तीन वर्षं अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं. उत्साहाच्या भरात कर्ज मंजूर होण्याआधीच दुकान सुरू केलं, बिलं फाडली, तर तो ‘चालू उद्योग’ ठरतो आणि अर्ज बाद होतो. मुंबईत दुसरा अडथळा जागेचा: बँकेला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, अकरा महिन्यांच्या तोंडी व्यवहारावर कर्ज मिळत नाही.

निवृत्तीची रक्कम कुठे ठेवावी?

पहिले सहा महिने कुठेही गुंतवू नका, साध्या मुदतठेवीत ठेवा. रक्कम आल्याची बातमी तुमच्या आधी एजंटांना कळते. पेन्शनचा ५०% पर्यंत भाग विकता येतो, म्हणजे त्याचे पैसे एकरकमी घेता येतात, आणि तो १५ वर्षांनी पूर्ववत होतो. मुंबईत घराच्या अनामत रकमेसाठी बरेच जण पूर्ण विक्री करतात आणि मग महिन्याची पेन्शन अपुरी पडते. आधी महिन्याचा खर्च मांडा. ज्येष्ठ नागरिक बचत योजना निवृत्त सैनिकांना वयाच्या ५० व्या वर्षापासून खुली आहे, म्हणजे चाळिशीतल्या हवालदाराला अजून नाही. ‘खास फौजींसाठी’ म्हणून कुणी ती विकत असेल तर तो फसवतोय.

अपंगत्व पेन्शन नाकारली. आता?

आधी रिलीज मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मिळवा. न मिळाल्यास माहिती अधिकारात ₹१० भरून मागा. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेने बळावला, असं बोर्डाने मानलं नाही की पेन्शन नाकारतात. मानलं असेल तर अपंगत्व किमान २०% लागतं. पहिलं अपील सहा महिन्यांत, दुसरं त्याच्या निकालानंतर सहा महिन्यांत, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत झाला तर तो सेवेमुळे झाला असं गृहीत धरावं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं. २०२३ मध्ये नियम बदलले, त्यामुळे तुमच्या डिस्चार्जच्या तारखेला कोणते नियम लागू होते, हे वकिलाला पहिलं विचारा.

एक कळकळीची विनंती: बोर्डासमोर त्रास लपवू नका. लवकर घरी जायच्या घाईत गुडघा, कान, पाठ ‘ठीक आहे’ म्हणून सही करणारे पुढे पंधरा वर्षं भोगतात.

अग्निवीरांना यातलं काय मिळतं?

फार थोडं. चार वर्षांनंतर २५% पर्यंत नियमित सेवेत घेतले जातात. बाकीच्यांना सुमारे ₹११.७१ लाखांचा करमुक्त सेवा निधी मिळतो. पेन्शन, ईसीएचएस आणि माजी सैनिकाचा दर्जा नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या आहेत, वयातही सूट आहे. २०२२ च्या योजनेतली पहिली तुकडी २०२६ च्या अखेरपासून बाहेर पडते. बावीस-तेवीस वर्षांची ही मुलं वर दिलेल्या बहुतेक खिडक्यांवर ‘तुम्ही आमच्यात येत नाही’ हेच ऐकतील, आणि आम्हाला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

घर आणि मालमत्ता कर?

म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांचा वेगळा राखीव गट आहे. अधिवास प्रमाणपत्र आणि जिल्हा कार्यालयाचा दाखला सोडतीआधीच तयार ठेवा. मालमत्ता करमाफीची बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची योजना राज्याने २०२० मध्ये आणली. ती एकाच घराला आहे आणि दाखला जिल्हा कार्यालय देतं. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून तसाही कर नाही. मोठ्या सदनिकेचं बिल पूर्ण सोसायटीच्या नावाने येत असेल तर सेक्रेटरीकडून तुमच्या हिश्श्याचं पत्र घ्यावं लागतं.

मुलांच्या शिक्षणासाठी?

पंतप्रधान शिष्यवृत्ती व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला, ६०% गुण हवेत. मुलींना महिना ₹३,०००, मुलांना ₹२,५००. हवालदारापर्यंतच्यांना केंद्रीय सैनिक मंडळाचं शिक्षण अनुदान दोन मुलांसाठी आहे आणि १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते महिना ₹१,००० वरून ₹२,००० झालं. त्याच वेळी पेन्शन नसलेल्या ६५ वर्षांवरील गरजूंची मदत ₹४,००० वरून ₹८,००० केली. सीईटी प्रवेशातल्या संरक्षण कोट्याचा दाखला प्रवेश फेरी सुरू होण्याआधी काढा, कारण तेव्हा कार्यालयात गर्दी उसळते.

घरी आल्यावर मन लागत नाही, चिडचिड होते.

हे पुष्कळांना होतं. पहाटेची शिट्टी नाही, सोबती नाहीत, घरच्यांचा दिवस तुमच्याशिवाय बसलेला. झोप दोन-तीन आठवडे सलग बिघडली किंवा दारू वाढली तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. पुण्याच्या एएफएमसीमध्ये (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष आहे. ईसीएचएसमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मिळतो.

सरकारने काय बदलायला हवं?

पहिली गोष्ट, माहितीचं हस्तांतर. जवानाची कुटुंबासह सगळी माहिती स्पर्शमध्ये आहे. तीच ईसीएचएसच्या अर्जात पुन्हा भरावी लागते आणि जिल्हा कार्यालयात तिसऱ्यांदा. डिस्चार्जच्या दिवशी ती आपोआप राहत्या जिल्ह्याच्या कार्यालयाकडे गेली, तर तो जिल्ह्यात पोचण्याआधी त्याचं ओळखपत्र तयार असेल. नावांतल्या तफावतीही तेव्हाच, युनिटमध्ये असतानाच पकडल्या जातील.

दुसरी, रिकाम्या राहणाऱ्या जागा. डीजीआरच्या जून २०२१ च्या आकडेवारीत केंद्राच्या गट क मध्ये १०% आरक्षण असताना माजी सैनिक १.२९% च होते. न भरलेली जागा पुढच्या वर्षी नेली जात नाही, ती इतरांकडून भरली जाते. विभागवार आकडे दरवर्षी जाहीर झाले आणि निदान एक वर्ष जागा पुढे नेली, तर फरक पडेल.

तिसरी, ट्रेडची मान्यता राज्य परवाना मंडळांनी द्यावी. छोटी पूरक परीक्षा घ्या, पण शून्यापासून सुरुवात नको. आणि मुंबई परिसरात कार्यालयाने लोकांकडे जावं: खारघर, डोंबिवली अशा ठिकाणी महिन्यातून एक रविवार शिबिर, कारण नोकरी करणारा माणूस अलिबागला सुट्टी टाकून किती वेळा जाणार?

तक्रार कुठे करायची?

पेन्शन, ईसीएचएस, डीजीआर या केंद्राच्या बाबी सीपीग्राम्स या केंद्राच्या ऑनलाइन तक्रार यंत्रणेवर, तिथे साधारण २१ दिवसांची मुदत आहे. जिल्हा कार्यालय, राज्याच्या योजना आणि भरती यांच्या तक्रारी ‘आपले सरकार’वर. मंत्रालयात सैनिक कल्याण हा विषय सामान्य प्रशासन विभागाकडे आहे. एका तक्रारीत एकच मुद्दा लिहा. चार मुद्दे लिहिले की एकाचं उत्तर देऊन ती बंद करतात.

माजी सैनिकाचं निधन झालं तर पत्नीने पहिलं काय करावं?

रुग्णालयात किंवा स्मशानात नोंद देताना मृत व्यक्तीचं नाव पीपीओवर आहे तसंच, त्याच क्रमाने सांगावं. महापालिकेचा मृत्यू दाखला त्या नोंदीवरून निघतो आणि एका अक्षराचा फरकही पुढे अडवतो. दाखल्याच्या दहा प्रती घ्याव्यात. मग स्पर्शमध्ये मृत्यूची नोंद करावी. जमत नसेल तर जिल्हा कार्यालय करून देतं. तोपर्यंत खात्यात आलेली पेन्शन काढू नये, कारण निधनानंतरच्या दिवसांची रक्कम परत घेतली जाते. फॅमिली पेन्शन निवृत्तीनंतरच्या मृत्यूत सात वर्षं, किंवा तो सैनिक ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यांतलं जे आधी असेल तोवर वाढीव दराने मिळते, नंतर ३०% ने. ईसीएचएस चालू राहतं, फक्त कार्ड तिच्या नावावर बदलून घ्यावं लागतं. गट विम्याचं निवृत्तीनंतरचं संरक्षण शिल्लक आहे का, हे त्याच आठवड्यात रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून विचारावं.